भुतामागचा माणूस

दिवाळीच्या तोंडावर, धनत्रयोदशीच्या सुमारास, सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला हा 1325 मीटर उंचीचा डोंगर. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले भाविक रात्री मशाली घेऊन तो चढतात. खालून पाहिलं की डोंगराच्या अंगावर उजेडाची एक नागमोडी रेघ सरकताना दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिट्ट काळोख. या डोंगरावर अश्वत्थामा अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

ही कथा नीट आठवून पाहावी. युद्ध संपलेलं आहे. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रात्री वडाच्या झाडाखाली थांबले आहेत. झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड आवाज न करता झडप घालतं आणि एकेकाला मारतं. ते पाहून अश्वत्थाम्याच्या मनात विचार येतो. त्याच रात्री तो पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्या माणसांची कत्तल करतो. द्रौपदीची पाचही मुलं त्यात मारली जातात. पुढे त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा शाप त्याच्या वाट्याला येतो. पहिला भाग गुन्ह्याचा आहे: सूडाची भूक, रात्र, योजना, खून. दुसरा भाग भुताचा आहे: न मरणारा माणूस, न भरणारी जखम, निर्जन डोंगर. दोन्ही भाग एकाच माणसाच्या अंगावर आहेत.

सिनेमाच्या इतिहासात याच दोन भागांना दोन वेगळी नावं मिळाली. गुन्ह्याच्या काळोख्या सिनेमाला ‘फिल्म न्वार’ म्हणतात आणि भुताखेतांच्या सिनेमाला भयपट. समीक्षकांनी त्यांची कपाटं वेगळी केली असली तरी 1930 ते 1965 या काळातले कृष्णधवल चित्रपट पाहताना त्यांच्यातली भिंत जागोजागी पडलेली दिसते. ती का पडली आणि त्या पडझडीतून आजच्या नंदुरबार जिल्ह्याने काय घ्यावं, याचा विचार करायला हवा.

आधी शब्दांचा उलगडा करू. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, तेव्हा तिथल्या समीक्षकांना त्यांच्यात एक नवा काळेपणा जाणवला. नीनो फ्रँक या समीक्षकाने 1946 मध्ये त्यांना हे नाव दिलं. या चित्रपटांत शहर असतं, पाऊस असतो, हाव असते, एखादी जुनी चूक असते आणि ती चूक माणसाला गाठतेच. भयपटात ओसाड वाडा असतो, दार आपोआप उघडतं आणि मेलेलं कुणीतरी परत येतं. मराठी वाचकाला हा भेद वाचनालयातल्या फळ्यांवरून ओळखीचा आहे. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड रहस्यकथेच्या फळीवर, नारायण धारपांचे समर्थ भयकथेच्या फळीवर. आणि या दोन्हींच्या मधली जागा रत्नाकर मतकरींनी आपलीशी केली, तिला मराठीत ‘गूढकथा’ हे स्वतंत्र नाव आहे. आपल्या भाषेने मधल्या जागेला नाव दिलं, याचा अर्थ ती जागा आपल्याला आधीपासून जाणवत होती.

ही मधली जागा पडद्यावर सर्वप्रथम उजेडाने तयार केली. घरातली वीज गेली की हे कुणालाही करून पाहता येईल. कंदील टेबलावर ठेवला तर समोरच्याचा चेहरा ओळखीचा वाटतो. तोच कंदील जमिनीवर ठेवला की नाकाची सावली कपाळावर जाते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मागच्या कुडावर त्या माणसाची सावली छपरापर्यंत वाढते. माणूस तोच असतो, बदललेली असते फक्त दिव्याची जागा. छायालेखक नेमकं हेच करतो. एरवी चेहऱ्यावर एक मुख्य दिवा असतो आणि त्याने पडणाऱ्या सावल्या पुसायला दुसरा भरीचा दिवा असतो. हा दुसरा दिवा काढून टाकला की पडद्याचा अर्धा भाग काळा होतो. त्या काळ्या भागात भूत उभं आहे की पिस्तूल घेतलेला माणूस, हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि तो दोन्हींना सारखाच घाबरतो.

या तंत्राचं मोठं घर होतं पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मनी. 1920 चा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ हा चित्रपट त्याचा ठळक आरंभ. त्यात रस्ते वाकडे आहेत, खिडक्या तिरप्या आहेत, सावल्या चक्क रंगवलेल्या आहेत. झोपेत चालणारा एक तरुण खून करतो आणि त्याच्यामागे त्याला चालवणारा डॉक्टर असतो. म्हणजे इथेही भुतासारख्या दिसणाऱ्या आकृतीमागे एक हिशेबी माणूस उभा आहे. पुढे हिटलरच्या राजवटीत अनेक कलावंतांनी जर्मनी सोडलं आणि ते हॉलिवूडला पोचले. कार्ल फ्रॉइंड हा छायालेखक त्याही आधी गेला होता. त्याने 1931 च्या ‘ड्रॅक्युला’चं छायालेखन केलं आणि 1932 मध्ये ‘द ममी’ दिग्दर्शित केला. रॉबर्ट सिओडमॅकने 1943 मध्ये ‘सन ऑफ ड्रॅक्युला’ हा भयपट केला आणि तीनच वर्षांनी ‘द किलर्स’ हा न्वारचा मानदंड उभा केला. तेच हात दोन्ही कामं करत होते.

सर्वांत स्पष्ट उदाहरण हॉलिवूडच्या आरकेओ या कंपनीचं आहे. निर्माता वॅल ल्यूटन याच्याकडे पैसा कमी होता, राक्षसाचा मुखवटा किंवा भव्य सेट परवडत नव्हता. म्हणून त्याने काळोखच वापरला. 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून बुटांच्या टाचांचा आवाज येतो. ती वेग वाढवते. एका क्षणी मागचा आवाज थांबतो. ती दिव्याच्या खांबाखाली उभी राहून मागे पाहते, तर रस्ता रिकामा. आणि अचानक जनावराच्या फुत्कारासारखा आवाज होतो: एक बस तिच्यासमोर येऊन थांबलेली असते. जनावर दाखवलेलंच नाही, तरी प्रेक्षकाने ते पाहिलेलं असतं. हा चित्रपट दिग्दर्शित केला जाक तुर्नर याने आणि छायालेखन केलं निकोलस मुसुराका याने. याच जोडीने पाच वर्षांनी, 1947 मध्ये, ‘आउट ऑफ द पास्ट’ केला, आणि तो न्वारच्या कुठल्याही यादीत अग्रभागी असतो. काळोख तोच राहिला. आधी त्यात जनावर दडलं होतं, आता माणसाचा भूतकाळ दडला.

हा प्रवाह महाराष्ट्रात फार लवकर आला, याचा आपल्याला विसर पडला आहे. ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम 1933 मध्ये जर्मनीत होते. तिथला सिनेमा त्यांनी जवळून पाहिला. परतल्यावर त्यांनी 1934 मध्ये ‘अमृतमंथन’ केला. कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात कंपनीचा नव्या जागेतला हा पहिला चित्रपट. राजा क्रांतिवर्मा राज्यातले बळी बंद करतो. त्यामुळे राजगुरू संतापतो आणि राजाच्या खुनाचा कट रचतो. मराठी आवृत्तीत राजगुरू होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. टेलिफोटो भिंगाने टिपलेला राजगुरूचा डोळा पडदाभर पसरतो, ते दृश्य भारतीय सिनेमाच्या इतिहासात अजून सांगितलं जातं. पाहणाऱ्याला त्या डोळ्याची भीती वाटते, आणि त्याच वेळी त्या डोळ्यामागे एक कट शिजतो आहे हेही कळतं. भय आणि गुन्हा एकाच चौकटीत. शिवाय हे भय कुणाच्या कामाचं आहे, तेही चित्रपट स्पष्ट सांगतो: बळी बंद झाले तर ज्याची सत्ता जाते, त्याच्या.

मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, जर्मन छायालेखक योझेफ वीरशिंग काम करत होते. 1925 च्या ‘प्रेम संन्यास’साठी ते प्रथम भारतात आले आणि पुढे 1934 पासून बॉम्बे टॉकीजचे झाले. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना जर्मन म्हणून स्थानबद्ध करण्यात आलं. युद्धानंतर त्यांनी 1949 मध्ये कमाल अमरोहींचा ‘महल’ टिपला. ओसाड हवेली, दोनचे टोले देणारं घड्याळ, झुल्यावर बसलेली पांढऱ्या वस्त्रातली मधुबाला, नायक अशोक कुमार. पहिला अर्धा भाग निखळ भयपट वाटतो. पण ते भूत म्हणजे माळ्याची जिवंत मुलगी असते. त्याच हवेलीतल्या जुन्या प्रेमकथेने ती स्वतःच झपाटलेली असते. तिच्या या खेळात नायकाची पत्नी विष घेऊन मरते आणि मरताना पोलिसांसमोर पतीवर आळ घेते. इथून चित्रपट कोर्टात जातो, फाशीची शिक्षा होते, आणि प्रेक्षकाच्या लक्षात येतं की भूत खोटं होतं, पण त्यापायी झालेला मृत्यू खरा होता.

‘महल’चं संकलन बिमल रॉय यांनी केलं होतं. नऊ वर्षांनी, 1958 मध्ये, त्यांनी ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. कथा ऋत्विक घटक यांची. सातपुड्यातल्या वाचकाने हा चित्रपट पुन्हा, वेगळ्या डोळ्यांनी पाहावा. डोंगरातलं जंगल आहे, लाकडाचा धंदा आहे, मालक उग्र नारायण आहे आणि मधुमती ही तिथली आदिवासी मुलगी आहे. मालक तिला फसवून हवेलीत बोलावतो आणि ती मरते. साक्षीदार नाही, प्रेत नाही, तक्रार नाही. शेवटच्या प्रसंगात नायक आनंद एक सापळा रचतो. मधुमतीसारख्या दिसणाऱ्या माधवी नावाच्या मुलीने मधुमती बनून उग्र नारायणासमोर यायचं, त्याला घाबरवून कबुली वदवायची आणि बाहेर थांबलेल्या पोलिसांनी ती ऐकायची. ही योजना शुद्ध रहस्यपटातली आहे. ठरल्याप्रमाणे ती येते, प्रश्न विचारते, तो कबूल होतो. मग आनंदच्या मनात पाल चुकचुकते: ज्या गोष्टी माधवीला ठाऊकच नव्हत्या, त्या ती कशा विचारत होती? तेवढ्यात दारातून खरी माधवी धावत येते. तिला यायला उशीर झालेला असतो.

हे दृश्य दोन प्रकारांच्या भेटीचा सर्वोत्तम नमुना आहे. त्याचा अर्थही मोठा आहे. ज्या मुलीची बाजू कुठल्या चावडीने किंवा कोर्टाने ऐकली नसती, ती मेल्यावर स्वतःच साक्षीला उभी राहते. भुताला इथे भीती घालायची नाही, त्याला फिर्याद द्यायची आहे. आणि त्याला घाबरतो तो एकटा गुन्हेगार.

पुढचा टप्पा राज खोसला यांचा. गुरुदत्त यांचे ते सहायक होते. 1956 मध्ये त्यांनी ‘सीआयडी’ केला, मुंबईच्या रात्रीचा, खुनाचा आणि पोलिसांचा. आठ वर्षांनी त्यांनीच ‘वो कौन थी?’ केला. पावसाळी रात्री डॉक्टरच्या मोटारीत पांढऱ्या साडीतली एक बाई बसते, काचेवरचे वायपर बंद पडतात, तरी ती त्याला रस्ता सांगते आणि कब्रस्तानापाशी उतरते. तीच बाई पुढे त्याची नववधू म्हणून समोर येते. डॉक्टरचा स्वतःच्या मनावरचा विश्वास उडत जातो. शेवटी कळतं की हा सगळा वारशाचा खेळ आहे. इस्टेट मिळण्यासाठी वारसाचं डोकं ठिकाणावर हवं, अशी अट आहे. तेव्हा त्याला वेडा ठरवला की इस्टेट पुढच्याला. भुताच्या प्रत्येक दर्शनामागे एका माणसाचा हिशेब होता.

त्याच 1964 साली मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा हा चित्रपट. पत्नी आपल्या डोळ्यांदेखत गेली आहे, आणि काही दिवसांनी तिच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून समोर उभी राहते. मेलेली परत आली का, हा भयपटाचा प्रश्न. ती गुन्हेगार आहे का, हा रहस्यपटाचा प्रश्न. चित्रपट दोन्ही प्रश्न एकाच उलटतपासणीत विचारतो. राज खोसलांनी त्यावरून 1966 मध्ये ‘मेरा साया’ केला, हे मराठी चित्रपटसृष्टीच्या अभिमानाचं आहे. मराठीतल्या एका कल्पक कथेच्या वाटेने हिंदी मागाहून गेली. पुढे 1976 मध्ये वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ने नरसूच्या भुताची दहशत उभी केली आणि त्या दहशतीमागचा माणूस उघडा पाडला. खान्देशातल्या यात्रांमधून तंबूत सिनेमा पाहिलेल्या पिढीला असे चित्रपट नुसत्या नावाने अजून अंगावर काटा आणतात.

रंगीत सिनेमा आला आणि ही वीण उसवत गेली. रामसे बंधूंच्या भयपटांत भुताला चेहरा, दात आणि नखं मिळाली. जे दिसतं त्याच्याविषयी शंका उरत नाही, आणि शंका उरली नाही की तपासही उरत नाही. गुन्ह्याचा सिनेमा वेगळ्या वाटेने गेला. अलीकडे 2018 च्या ‘तुंबाड’ने हे धागे पुन्हा जोडले. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा घेतलेल्या या चित्रपटात राक्षस भयंकर आहेच, पण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाणारी माणसाची हाव त्याहून भयंकर आहे.

हे सारं एका धाग्यात ओवलं की दिसतं ते असं. भयपट प्रेक्षकाला घाबरवतो, आणि न्वार त्या घाबरलेल्या प्रेक्षकाला तपास करायला लावतो. हे भूत कोण? ते कुणी उभं केलं? त्याने कुणाचं काय जाणार आणि कुणाच्या पदरात काय पडणार? ‘अमृतमंथन’पासून ‘हा खेळ सावल्यांचा’पर्यंत आपल्या चांगल्या चित्रपटांनी या प्रश्नांची उत्तरं दिली. उत्तर बहुतेक वेळा एकच निघालं: सत्ता, इस्टेट, जमीन किंवा लपवलेला गुन्हा.

हे प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात आजही पडद्यापुरते नाहीत. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या दुर्गम भागातल्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द अजून एखाद्या बाईचं आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो. मूल तापाने जातं, बैल दगावतो, पीक बसतं. कारण कळत नाही. मग कुणीतरी बोट दाखवतं आणि एखादी बाई डाकीण ठरते. तिला मारहाण होते, वाळीत टाकलं जातं, गाव सोडावं लागतं, काही वेळा जीवही जातो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध जिल्ह्यात अनेक वर्षं काम करत आहेत. अशा प्रकरणांच्या मुळाशी गेलं की बरेचदा भाऊबंदकी, शेताचा बांध, जुनं वैर किंवा एकट्या विधवेच्या नावावरची जमीन सापडते. म्हणजे ‘वो कौन थी?’मधला वारशाचा हिशेब इथे पाड्यावर, बिनापडद्याचा चालू असतो. फरक इतकाच की चित्रपटात शेवटच्या रिळात तपास होतो. पाड्यावर तो झाला नाही तर बाईच्या माथ्यावरचा शब्द पुढच्या पिढीपर्यंत टिकतो.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ही प्रथा म्हणजे आदिवासी समाजाची ओळख, असं मांडणं चुकीचं आणि अन्यायाचं आहे. करणी, भानामती, मूठ मारणं यांची भीती मैदानी गावांत आणि शहरांतही आहे. चित्रपटांतल्या हवेल्या तर सगळ्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या माणसांच्या होत्या. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांनी जंगल, बियाणं, औषधी वनस्पती यांचं जे ज्ञान जपलं त्याविषयी आदर ठेवूनच डाकीण प्रथेला विरोध करता येतो, आणि तसा विरोध करणारे तरुण-तरुणी त्या समाजांतूनच पुढे येत आहेत. जिथे दवाखाना दूर आहे, पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि रुग्णाला झोळीत घालून न्यावं लागतं, तिथे मृत्यूचं कारण कळायला वाव कमी राहतो. त्या न कळण्याच्या अंधारातच बोट दाखवणाऱ्याचं फावतं. म्हणून आरोग्यकेंद्रात डॉक्टर हजर असणं हेही डाकीण प्रथेविरुद्धचंच काम आहे.

कायदा आपल्याकडे आहे. त्यासाठी झटणारे अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावात ‘महाराष्ट्र’नंतर लगेच ‘नरबळी’ हा शब्द येतो. ‘अमृतमंथन’मधल्या राजाने पडद्यावर जे फर्मान काढलं, ते प्रत्यक्षात यायला आणखी 79 वर्षं लागली. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असा संशय पसरवून तिचा छळ करणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षकावर जबाबदारी आहे.

पण कायदा गुन्हा घडल्यानंतर धावून येतो. बोट दाखवलं जातं त्या पहिल्या संध्याकाळी, अंगणात जमलेल्या माणसांपैकी एकाने तरी ‘यात फायदा कुणाचा?’ असं विचारायला हवं. ही सवय व्याख्यानाने लागत नाही. गोष्टीने लागते. म्हणून जुने चित्रपट आम्हाला इतके कामाचे वाटतात. ते प्रेक्षकाला आधी स्वतः घाबरू देतात. ‘भूत नसतं’ असं पहिल्याच वाक्यात सांगून त्याला कमी लेखत नाहीत. तो घाबरला, त्याने मनातल्या मनात त्या बाईला चेटकीण ठरवलं, आणि शेवटी त्याला कळलं की आपण चुकलो होतो. दोन तासांत एखाद्या माणसाला स्वतःची चूक स्वतःच सापडावी, आणि तीही त्याला न दुखावता, असं दुसरं साधन शोधून सापडणं अवघड आहे.

यासाठी फार खर्च नाही. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत पडदा, प्रोजेक्टर किंवा निदान मोठा टीव्ही बहुतेक ठिकाणी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ‘मधुमती’, ‘वो कौन थी?’, ‘पाठलाग’, ‘हा खेळ सावल्यांचा’ यांपैकी एक चित्रपट दाखवावा. उलगडा होण्याच्या थोडं आधी तो थांबवावा आणि मुलांना विचारावं: तुम्ही पोलीस असता तर कुणाची चौकशी केली असती? का? चर्चा भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत होऊ द्यावी. मुलांना आपल्या बोलीत तर्क करू दिला तर तो त्यांच्या घरापर्यंत पोचतो. अशा कार्यक्रमाला अंनिसचे कार्यकर्ते, पोलीस ठाण्यातले अधिकारी आणि गावातले मानाचे कारभारी एकत्र बसले तर त्याचं वजन वाढेल. हे सुचवताना आमची अपेक्षा मर्यादित आहे. एका चित्रपटाने प्रथा मोडत नाही. पण वर्गात एकदा कंदील टेबलावरून जमिनीवर ठेवून सावली कशी वाढते हे ज्या मुलीने पाहिलं, ती पुढे भिंतीवरची सावली पाहून दिवा कुठे ठेवलाय हे शोधेल, असं मानायला जागा आहे.

आणि शेवटी पुन्हा अस्तंबा. या डोंगराच्या कथेने एक भेद फार जुन्या काळापासून जपलेला आहे. अश्वत्थाम्याच्या भटकण्यामागे त्याने केलेलं कृत्य आहे. रात्र सांगता येते, जागा सांगता येते, मेलेल्या मुलांचा आकडा सांगता येतो. एवढं असूनही लोक त्याच्या जखमेला तेल द्यायला तयार आहेत. मग जिच्याविरुद्ध ना रात्र सांगता येते, ना कृत्य, ना पुरावा, त्या पाड्यावरच्या बाईला घराबाहेर काढण्याआधी आपण किती प्रश्न विचारायला हवेत? यंदा मशाली घेऊन डोंगर चढणाऱ्यांनी उतरताना एवढा एक प्रश्न सोबत गावात न्यावा.